आर्लीनने भरलेली बंदूक

माझी बायको आर्लीन गेल्याचं मला तिच्या भावाने सांगितलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी गावच्या रस्त्यावरचं बर्फ काढणारी गाडी चालवत होतो. बॉइड समोरून त्याच्या ट्रकमधून आला, हात करून मला थांबवलं आणि काच खाली घेऊन म्हणाला, "मर्ल, ती वर बीचच्या झाडाला टेकून बसलीय. गेलीय ती. मला वाटलं, रुसलीय म्हणून खाली येत नाही."

हे शेवटचं वाक्य मी त्याला माफ केलेलं नाही.

नाताळनंतरच्या शिकारीचा तो पहिला दिवस होता. आमच्या पेनसिल्व्हेनियात त्या दिवसांत फक्त ठासणीची, चकमकीची बंदूक चालते. नळीत तोंडाकडून आधी दारू आणि मग गोळी गजाने ठासायची; चाप ओढला की चकमकीच्या ठिणगीने बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू पेटते आणि बारीक भोकातून आग नळीत जाते. बहीणभाऊ दरवर्षी एकत्र जायचे. आर्लीन वर खिंडीत बसायची आणि बॉइड खालून रान उठवत यायचा. त्या दिवशी हरणं तिच्या अगदी समोरून गेली, बर्फात खुरांच्या खुणा होत्या. पण बार ऐकू आला नाही. बॉइड चिडला. वर तिच्यापर्यंत गेलाच नाही. खालच्या वाटेने ट्रककडे आला, हीटर लावला आणि थर्मासमधली कॉफी संपेपर्यंत आत बसून राहिला. तरी ती उतरली नाही, तेव्हा कुठे वर बघायला गेला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तो लगेच पोचला असता तरी उपयोग नव्हता. असेल. पण तो कॉफी पीत होता.

बहीणभावांचं भांडण बंदुकीचं होतं. ती त्यांच्या बाबांनी स्वतः केलेली, मेपलच्या लाकडाचा दस्ता. मरताना त्यांनी ती मुलाला न देता मुलीला दिली, कारण तिचा नेम चांगला होता. बॉइडच्या मते ती बाबांच्या पुढेपुढे करायची म्हणून. दफनाच्या दिवशीसुद्धा तो मला म्हणाला, "त्या सकाळी ती बंदूक भरत होती ना, तेव्हाच तोंडावर सांगितलं तिला. म्हटलं, बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून तुला मिळाली. आपली गोळी ठासत बसली. काय बोलणार?"

मी त्याला म्हटलं, "तिने चाप ओढला होता. चकमकीखालची वाटी काळी झालीय."

"आदल्या दिवशीच्या सरावाची काजळी असेल. पुसली नसेल."

आर्लीनने वाटी पुसली नाही असं कधी झालं नव्हतं. त्यालाही ते माहीत होतं. तरी तो नाक्यावरच्या हॉटेलात बसून वर्षभर सांगत राहिला, "हरीण समोरून गेलं आणि बाईने मुद्दाम सोडलं. का, तर मी उठवलेलं ना! माझ्यावरचा राग." मी पलीकडच्या टेबलावर असलो तरी त्याचा आवाज कमी व्हायचा नाही.

बंदूक मी मागच्या ओसरीत टांगून ठेवली. शिकारीच्या दिवसांत आमच्याकडे रात्री नळी रिकामी करत नाहीत. वाटीतली दारू पुसतात आणि बंदूक बाहेर थंडीतच ठेवतात, कारण घरात आणली की लोखंडाला घाम सुटतो. मी तिची बंदूक तशीच ठेवली, वर्षभर. नळीत गजसुद्धा घातला नाही. तिने ठासलेलं मला पुन्हा ठासायचं नव्हतं.

या नाताळला संध्याकाळी बॉइड दारात आला.

"बंदूक न्यायला आलोय."

"आत ये म्हटलेलं नाही मी."

"यायचंही नाही मला. बाबांची वस्तू आहे. तू कुठला कोण? तुला साधी बदकं मारता येत नाहीत."

"तिने भरलेला बार आत आहे," मी म्हणालो. "तो हरणावर उडू दे. मग ने."

"वर्षाची दारू नळीत? अरे, आतून गंजून चाळण झाली असेल तिची! बाबा असते तर तुला त्याच बंदुकीने झोडपलं असतं."

"उद्या पहाटे ये. मी तिच्या जागेवर बसेन. तू खालून रान उठव."

"म्हणजे परत मीच हाकायचं?"

"तेवढंच येतं तुला."

तो दात खाऊन गेला, पण पहाटे आला.  मी वर चढलो आणि त्याच बीचच्या बुंध्याला पाठ लावून बसलो. बारीक तारेने नळीचं भोक साफ केलं. वाटीत ताजी दारू घातली आणि ओल लागू नये म्हणून वाटीवर बंदुकीची चामड्याची टोपी ओढली. बर्फावर कडक साय धरली होती. खालून बॉइडचे बूट कराकरा वाजत होते. तो शिव्या देत येत होता आणि मला वाटतं, त्या मला ऐकू याव्यात म्हणूनच देत होता.

पुढे एक मोठी मादी आली, मागे दोन. मी वाटीवरची टोपी काढली, घोडा चढवला, चाप ओढला. वाटीत भपकन उजेड झाला, डोळ्यात धूर गेला. बस्स. पुढे काही नाही. मादी उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिने एकदा खूर आपटला आणि मग तिघी उड्या मारत गेल्या.

बॉइड धापा टाकत, हसत वर आला.

"काय रे, तूही रुसलास का?"

मी पुन्हा भोक साफ केलं, वाटी भरली आणि बर्फाच्या ढिगावर चाप ओढला. पुन्हा नुसता भपका.

"दे इकडे," म्हणून त्याने गज उपसला. त्या गजावर आर्लीनने चाकूने दोन खुणा केल्या होत्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. बॉइडने गज आत सोडला. भरल्याची खूण नळीच्या तोंडाशी थांबायला हवी होती. ती थांबली नाही. दोन बोटं आत गेली.

त्याने गज काढला आणि परत घातला. पुन्हा तेच. तो हसायचा थांबला.

नळीत गोळी होती, पण गोळीखाली दारू नव्हती. आमच्याकडे ही चूक प्रत्येकाकडून एकदा तरी होते आणि मग पूर्ण मोसमभर लोक त्याची चेष्टा करतात. बॉइडने दोनदा केली होती. आर्लीनने कधीच नाही. ही चूक होऊ नये म्हणूनच त्यांच्या बाबांचा नियम होता, बंदूक भरणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही.

"ती बंदूक भरत असताना तू काय बोललास?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे."

"परत सांग."

त्याने नळीचं तोंड अंगठ्याने पुसलं. मग म्हणाला, "म्हणजे आतून गंज नसेल. दारूच नाही म्हटल्यावर."

एवढंच सुचलं त्याला.

"भोकातून चिमूटभर दारू आत सार," तो म्हणाला. "गोळी बाहेर पडेल. मग बंदूक माझी. शब्द दिलायस तू."

"हरणावर, म्हणालो होतो. हरणं गेली. आता आधी हॉटेलात जाऊन सांग की तिने हरीण सोडलं नव्हतं. दारू का नव्हती तेही सांग. मग ये."

"तुझ्या बापाला सांगतो!" त्याने गज बर्फात फेकला. "तू मेलास की घेईन. वाट बघायची सवय आहे मला."

"माहीत आहे. जा, हीटर लावून बस."

तो उतरून गेला. मी तिथेच बसलो. तो भपका झाला तेव्हा आर्लीनला क्षणात कळलं असणार आपण काय केलं ते. बॉइड आता वर येईल आणि वर्षभर चिडवेल, हेही मनात आलं असणार. ती त्याची वाट बघत होती. मी गज शोधून पुसला आणि जागेवर सरकवला. मग मी चालत घरी आलो.

मोसम संपला. बॉइड रोज हॉटेलात येतो, अंडी खातो, बाकी सगळ्या गावाबद्दल बोलतो. त्याने अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. बंदूक ओसरीत आहे. गोळी नळीतच आहे, ती काढायची राहिली आहे.