इंजिनाची मापं

आधीच सांगून ठेवतो, हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा. माझा सगळा जन्म ब्लाउज शिवण्यात गेला, इंजिन कधी रंगवलं नव्हतं. हे कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही.

सगळा उपद्व्याप लेकीचा. तिला दूरच्या गावी हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. मी म्हटलं, माझी मोटरसायकल घेऊन जा. माझा विचार सरळ होता. गाडी दाराशी असली की पोरगी मनात येईल तेव्हा घरी येईल. बसच्या भरवशावर राहिली तर आज येते, उद्या येते करत वर्ष काढेल. पण बाईसाहेबांनी नाक मुरडलं. "बाबा, ते इंजिन बघ. नुसतं कळकट झालंय. रंगवून दे, तरच नेते."

"त्यात काय मोठंसं!" मी म्हटलं.

"अहो, गॅरेजला द्या," बायको म्हणाली. झालं! तिने असं म्हटल्यावर गॅरेजला देणं शक्य होतं का?

डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन अंगणात बसलो. ब्रश जुना आहे असं मी समजलो होतो, बायकोचं मत वेगळं पडलं. मळ निघाला, पॉलिश पेपरने घासलं, आतला पांढरा धातू लखलखला. मग उष्णता सोसणाऱ्या रंगाचा स्प्रे आणला. काळा.

"काळं झालं म्हणून घासलंत, आणि आता काळंच करणार?" बायको म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

दुकानदाराने बजावलं होतं, जिथे रंग नको तो भाग कागदाने झाका. इथे मात्र माझा हात कोण धरणार? टेप काढली, कार्ब्युरेटरचं माप घेतलं, सायलेन्सरच्या नळीचं घेतलं. खडूने आखलं, कागद बेतून कापले, चिकटपट्टीने बसवले.

"बाबा, बाह्या लांब की आखूड?" लेकीने विचारलं.

"तू गप गं!"

रंग असा काही बसला की मीच स्वतःवर खूश. कागद काढले आणि बघतो तर काय! जिथे जिथे कागद होता, तिथे त्याच्या कडेने इंजिनावर बोटभर पट्टी पांढरीच राहिलेली. शिवणीसाठी चहूबाजूंनी जास्तीचं ठेवून कापायची माझी सवय! कापडाचं जास्तीचं आत दुमडतात. इंजिनात काय दुमडणार, माझं कपाळ? कागदाच्या कडा रंगवायच्या जागेवरच पसरल्या होत्या.

बायको हसून हसून पायरीवर बसली. मी स्प्रे हलवला, तर तो संपलेला. दुकान बंद, आणि लेक सकाळी निघणार.

"नको नेऊस," मी ओरडलो. "जा बसने! लोक हसतील."

ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "किनार लावल्यासारखी दिसते. नेणार मी. पण महिनाभर माझी वाट बघू नका हं. आठ दिवसांत रडत परत यायला मी काही लहान नाही."

"कोण बघतंय वाट!" मी म्हटलं आणि सकाळी तिचं हेल्मेट तीनदा पुसून दिलं.

ती गेली आणि घर खायला उठलं. मी गिऱ्हाइकांवर डाफरलो, एका ब्लाउजला बाही उलटी लावली. "फोन करा की," बायको म्हणायची. मी का करू? तिने करावा.

आणि पहिल्याच शनिवारी दुपारी अंगणात ओळखीची फटफट ऐकू आली.

"तुझा रंग निघाला, बाबा," लेक उतरता उतरताच म्हणाली. "सायलेन्सरजवळ बघ. म्हणून यावं लागलं. नाहीतर मला कुठे वेळ!"

मी चष्मा लावून वाकलो. रंग निघाला होता खरा. पण आपोआप विरलेली शिवण वेगळी आणि मुद्दाम उसवलेली वेगळी, हे मी झोपेतही सांगीन. धातूवर सरळ, ताजे ओरखडे होते. तिच्या हातातल्या किल्लीच्या टोकाला काळा रंग चिकटलेला होता.

दुसऱ्या कुणी माझ्या कामाला असं नख लावलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. तोंड उघडलंही. मग वर बघितलं. पोरीचे डोळे सुजले होते आणि ती माझ्याकडे नाही, घराच्या दाराकडे बघत होती.

"काम मोठं आहे," मी म्हटलं. "सगळं घासून पुन्हा मारावं लागेल. वाळायला वेळ लागतो. सोमवारपर्यंत गाडी हलवायची नाही."

"इतका वेळ?" बायकोने विचारलं. मी डोळे वटारले.

तो रंग अर्ध्या तासात वाळतो. पहिल्यांदा मारला तेव्हा लेक माझ्या शेजारीच उभी होती, तिला पक्कं ठाऊक होतं.

"चालेल," ती म्हणाली. "मी सोमवारची रजा टाकूनच आलेय."