घटिकेची वाटी आणि मीराबची नाडी

मी एक जुनी, बुडाला भोक असलेली वाटी आहे. हसू नका मित्रांनो, ते भोक हीच माझ्या आयुष्याची कमाई आहे.

इराणमधल्या गोनाबादच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून घडवलं. भोक पाडताना मात्र त्याने चार वेळा चहा घेतला आणि चार वेळा हात मागे घेतला. भोक मोठं झालं तर मी लवकर बुडणार, बारीक राहिलं तर उशिरा, आणि दोन्हीकडून कुणाचं तरी शेत सुकणार. कारण मी वेळ मोजणारी वाटी होते. आमच्या बीदसर गावाला डोंगरातून जमिनीखालून येणारा एकच पाट. ते पाणी साठ घरांच्या शेतांना पाळीपाळीने सोडणारा पाटकरी म्हणजे मीराब. मी सफदर मीराबच्या हाती आले तेव्हा त्याला नुकती मिशी फुटली होती.

पातेल्यातल्या पाण्यावर तो मला सोडी. भोकातून पाणी चढे, मी भरून बुडे, आणि तो एक खडा उजवीकडून डावीकडे सरकवी. कुणाच्या वाट्याला किती खडे, कुणानंतर कोण, हे सगळं त्याच्या डोक्यात. माणसं तावातावाने भांडायला येत आणि माझ्याकडे बघून गप्प होत. खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार गर्व होता.

एका हिवाळ्यात मी उशिरा बुडू लागले. सगळे म्हणाले, वाटी म्हातारी झाली, नवी आणा. सफदरने मला उन्हात धरून एक डोळा मिटला आणि म्हणाला, "वाटीला काही झालेलं नाही. हिची वाट चोंदलीय." पाण्यातला क्षार भोकात बसला होता. त्याने मला शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, भिजवलं, डाळिंबाच्या काट्याने भोक कोरलं, आणि मी पुन्हा वेळेवर बुडू लागले.

पुढे मनगटी घड्याळं आली. माझी रवानगी कोनाड्यात झाली आणि सफदरची बायको तूबा माझ्यात बटणं ठेवू लागली. पाळी मात्र अजून सफदरच सांगे, घड्याळ बघून. मी कोनाड्यातून त्याला म्हातारा होताना पाहिलं.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी बूट चढवतानाही त्याला दम लागू लागला. मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसत. आडवं पडलं की श्वास कोंडे, म्हणून उशा एकीच्या तीन झाल्या. आणि तो विसरू लागला. चहा पिताना गालात साखरेचा खडा असतानाच तो आणखी एक मागे. तूबा दुसरा देई. वय झालं, दुसरं काय, असं ती स्वतःशीच म्हणे.

आमच्या गावाची आदब मोठी. मीराबची चूक कुणी त्याच्या तोंडावर सांगत नाही. आमच्या शेतांतल्या केशराला शरद ऋतूत पहिलं पाणी वेळेवर मिळालं नाही तर फूल धरत नाही. त्या वर्षी सफदरने कोकब या विधवेची पाळी दोनदा दुसऱ्यांनाच दिली. कोकब काय म्हणाली? "चूक माझीच, मीराब आगा. माझं घड्याळच मागे पडतं." सगळ्या गावाने त्याच्या चुका अशाच पोटात घातल्या. मला कोनाड्यात ओरडावंसं वाटे, पण बटणांनी भरलेल्या वाटीचं कोण ऐकणार!

एका सकाळी कोकब घरी आली. सफदर पाटावर गेला होता. तीन पेले चहा झाला, एकमेकींच्या तब्येती विचारून झाल्या, तेव्हा ती एकदम म्हणाली, "तूबाजान, शेताचं मरू दे. काल मीराब आगांनी मला विचारलं, हैदर दिसत नाही, कुठंय?"

तूबाच्या हातातली बशी तशीच राहिली. हैदर म्हणजे कोकबचा नवरा. सहा वर्षांपूर्वी सफदरने स्वतः कबरीत उतरून त्याला निजवलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, येतोच आहे. इतका मान राखणं मला आता झेपत नाही गं."

दोघी रडल्या. मग तूबाने सफदरच्या पुतणीला, गावच्या दवाखान्यात आरोग्यसेविका असलेल्या माहरुखला, बोलावून घेतलं.

"काका, हात द्या."

"हात कशाला? डोकं बिघडलंय ना माझं?"

"असं कोण म्हणालं?"

"कोणीच म्हणत नाही. म्हणून तर कळलं."

माहरुख मनगट धरून बराच वेळ बसली. "काका, नाडी दोन पावलं चालते आणि एक चुकवते. किती दिवस झाले?"

"दीड वर्ष. तुझी काकू घाबरट, म्हणून बोललो नाही."

"घाबरट म्हणे!" तूबा म्हणाली. "मला सांगितलं असतंत तर तुम्हाला पाठीवर घालून नेलं असतं."

मशहद शहरातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. परतल्यावर माहरुखने समजावलं. हृदय दुबळं झालं होतं, ठोके चुकत होते, मेंदूला पुरेसं रक्त पोहोचत नव्हतं. असं बरेच दिवस चाललं की आठवण आणि हिशेब ढिले पडतात. गेलेलं किती परत येईल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. पण औषधं नेमाने घेतली तर पुढची घसरण हळू होईल, अशी आशा होती.

सफदर ऐकत राहिला. मग म्हणाला, "तूबा, माझी वाटी दे."

चाळीस वर्षांनी बटणं बाहेर पडली. त्याने मला पाण्यावर सोडलं, घड्याळ पाहिलं. मी लाजले, कारण मी फार उशिरा बुडले. त्याने मला खिडकीशी धरून एक डोळा मिटला. "चोंदलीय," तो म्हणाला, आणि शिरका मागितला. माझ्या भोकात काटा फिरवता फिरवता तो म्हणाला, "मला कुणी उजेडात धरूनच पाहिलं नाही. मीही कुणाला पाहू दिलं नाही."

तेव्हापासून मी पुन्हा कामाला लागले. रोज सकाळी तो मला पाण्यावर सोडतो, मी बुडेपर्यंत शांत बसतो, औषध घेतो आणि एक खडा सरकवतो. औषध घेतलं की नाही, हे आता खड्यांना विचारायचं. दम कमी झाला, घोट्यांची सूज उतरली. साठ घरांच्या पाळ्या त्याने कोकबला वहीत उतरवून दिल्या. चौपन्न आठवल्या. सहा त्या त्या घरांनी सांगितल्या, आणि कुणीही एक खडा जास्त सांगितला नाही. आता पाटावर कोकब पाळी सांगते आणि तो शेजारी बसतो.

या शरदात कोकबच्या शेतात फुलं आली. ती ओंजळभर घेऊन अंगणात आली, तेव्हा मी तिथेच पातेल्यात तरंगत होते. सफदरने फुलं हुंगली आणि म्हणाला, "छान! हैदरला दाखवलीस का?"

तूबा जागच्या जागी थांबली. कोकब त्याच्यासमोर खाली बसली. "हैदर वारला, मीराब आगा. सात वर्षं झाली. तुम्हीच त्याला कबरीत निजवलंत."

तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा रडला. मी बुडाले तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग त्याने बाहीने डोळे पुसले आणि कोकबच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस पोरी, सांगितलंस. पुन्हा विसरलो तर पुन्हा सांग."

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस विसरू लागलं तर वय झालं म्हणून गप्प बसू नका. त्याचा मान राखा, पण त्याचा हातही हातात घ्या आणि नाडी बघा. दम लागतो का, पाय सुजतात का, विचारा आणि डॉक्टरांकडे न्या. मला उजेडात धरणारा सफदर होता. त्याला धरायला मात्र आम्ही दीड वर्ष उशीर केला.