सव्वाअकराचा चमत्कार

"हिली! उँगली हिली!"

नर्सिंग होमच्या व्हरांड्यात एकच गलका झाला. काचेपलीकडे माझ्या बहिणीचा, मालविकेचा, नवरा यज्ञेश यंत्राच्या श्वासावर पडून होता. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली. त्याच्या कपाळाला भस्म फासून प्राणनाथ बाबा हात वर करून उभे होते, आणि यज्ञेशचं बोट खरोखरच उचललं गेलं होतं. मग पापण्याही उघडल्या. बायका रडू लागल्या.

बाबा बाहेर येऊन गर्दीला म्हणाले, "मशीन हवा देती है, बच्चा. प्राण हम देते हैं."

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. यज्ञेश गंगेवरच्या दुर्गाघाटावर पौरोहित्य करायचा. चाळिशीही गाठली नव्हती. घाटावर पायात खिळा गेला, त्यानं हळद दाबली, इंजेक्शन काही घेतलं नाही. दहाव्या दिवशी जबडा आवळला. धनुर्वात.

बाबा रोज सव्वाअकराला येत. "इसी घड़ी मेरी समाधि टूटती है," असं त्यांचं म्हणणं. यज्ञेशचे थोरले भाऊ प्रल्हाद यांनीच त्यांना आणलं होतं. नर्सिंग होमचे मालकही भक्त, मग अडवणार कोण? मी शाळेत विज्ञान शिकवतो. घड्याळ लावून तुटणारी समाधी काही मला पचेना.

भूलतज्ज्ञ डॉ. सुमेधा मूळच्या नागपूरच्या. मी त्यांना गाठलं.

"सर, या विषानं अंगातले सगळे स्नायू आवळतात," त्या म्हणाल्या. "म्हणून दोन औषधं चालू आहेत. एक झोपेचं, दुसरं स्नायू ढिले करणारं. दुसऱ्यानं श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून यंत्र. झटके कमी झाले का हे बघायला मी रोज साडेदहाला दुसरं औषध थांबवते. पाऊण तासात त्याचा असर उतरतो, बोट हलतं, डोळे उघडतात. पुन्हा आवळायला लागलं की औषध सुरू."

"पण बाबाला वेळ कशी कळते?"

त्यांनी पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्याकडे बोट दाखवलं. त्यावर सगळं लिहिलेलं होतं: औषध बंद, साडेदहा, हालचाल, सव्वाअकरा. मला आठवलं, बाबाचा चेला पहिल्या दिवशी यज्ञेशच्या पायाशी मान खाली घालून बराच वेळ उभा होता. लोकांना वाटलं नमस्कार करतोय. तो वाचत होता.

मालविकेला सांगितलं, तर ती म्हणाली, "दादा, असेलही तसं. पण ते आले की ह्यांचे उघडे डोळे दिसतात मला. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

बाबा येऊ लागल्याच्या सहाव्या दिवशी पहाटे झटके वाढले. आज औषध थांबवायचं नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं. मी विनंती केली म्हणून तक्ता त्यांनी आपल्या खोलीत नेऊन ठेवला. मला बाबाला उघडं पाडायचं होतं.

सव्वाअकराला बाबा आले. भस्म लावलं. काही हलेना. मंत्राचा आवाज चढला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, बाबांना घाम फुटला. चेला तक्ता शोधत पलंगाभोवती घुटमळू लागला. मी त्याचं मनगट धरून त्याला व्हरांड्यात ओढलं, त्याच्या खिशातला कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. त्यावर तीन नर्सिंग होमांची नावं होती, पलंगांचे नंबर होते, औषधं थांबवायच्या वेळा होत्या.

"तो ई सब दवाई का खेल था, मास्टरजी?" एका म्हाताऱ्या पानवाल्यानं विचारलं.

"हाँ काका, दवाई का," मी म्हणालो आणि सगळ्यांना औषधांची गोष्ट समजावून सांगितली.

"अब समाधि कब टूटेगी, महाराज?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. मला जिंकल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात आत बाबानं शेवटचा उपाय काढला होता. "मुख खोलो बेटी. गंगाजल भीतर जाएगा तो प्राण जागेंगे." औषधानं जबडा सैलच होता. मालविकेनं तो उघडून धरला. नर्स धावत आली तोवर लोटी रिकामी झाली होती, आणि बाबा मागच्या दारानं पसार.

"त्यांना गिळता येत नाही, खोकता येत नाही," डॉ. सुमेधा म्हणाल्या. त्यांचे हात चालूच होते. "नळीभोवती फुगा असतो, पण तो सगळं अडवत नाही." फुप्फुसातून ओढून काढलेलं पाणी गढूळ होतं.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. तिसऱ्या दिवशी एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं जंतुसंसर्गानं पांढरी दिसली. डॉक्टरांनी औषधं बदलली, यंत्रातला ऑक्सिजन वाढवत शेवटच्या आकड्यापर्यंत नेला. त्यापुढे वाढवायला काही नव्हतं. अकराव्या दिवशी दुपारी यज्ञेश गेला.

मणिकर्णिकेवर चितेपाशी प्रल्हाद माझ्याशी एवढंच बोलले, "मास्तर, तुम्ही महाराजांचा अपमान केलात, त्याचं हे फळ." व्हरांड्यात हसलेलेच काही जण शेजारी माना डोलवत होते. मी पोलिसांत दिलेला अर्ज तसाच पडून राहिला. महिन्याभरात बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या एका रुग्णाच्या उशाशी उभे राहू लागले.

"दादा, मी तोंड उघडलं नसतं तर?" मालविकेनं एकदा विचारलं.

आणखी दोन-तीन आठवडे निभावले असते तर तो वाचूही शकला असता, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. ते मी तिला सांगितलं नाही. "मी दाराबाहेर गेलो नसतो तर?" एवढंच म्हणालो.

म्हणून हे लिहितो आहे. कुणी ऐकेल अशी फार आशा नाही. तरी सांगतो: आपल्या माणसाच्या उशाशी कुणी चमत्कार करू लागला, तर हात जोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, कुठलं औषध चालू आहे, कुठलं थांबवलं आहे. आणि ढोंग्याला उघडं पाडायची कितीही घाई झाली, तरी आजाऱ्यापाशी त्याला एकटं सोडू नका.