डाव्या कोपऱ्यातला ओलावा

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. गाडीची मागची सीट. वय वर्षं चौदा, रंग मूळचा राखाडी, आताचा विचारू नका. एरवी आपली हकिगत सावकाश सांगावी. पण आज शनिवार आहे, सकाळचे साडेसात वाजलेत, आणि आठ वाजता आत्या येणार की नाही हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या स्प्रिंगा नुसत्या थरथरताहेत! आत्या म्हणजे घरातल्या बाबांची थोरली बहीण. चार महिने ती माझ्यावर बसलेली नाही. का बसली नाही, आणि आज येईल असं मला का वाटतंय, ते आठाच्या आत सांगून टाकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साच्यात पातळसं काहीतरी ओतलं, ते फुगलं आणि मी झाले. एका कामगार बाईंनी माझ्यावर कापड ताणून बसवलं, कडेच्या कड्या पकडीने आवळल्या, तळहाताने दोन थापा मारल्या आणि म्हणाल्या, "जा, बस आता." खरं तर बसणार दुसरेच होते, पण आशीर्वाद तो आशीर्वाद.

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर ते लोकांची नजर तपासतात आणि घरी आले की गाडीवर नजर ठेवतात. माझ्यावरचं प्लास्टिक त्यांनी दोन वर्षं काढू दिलं नाही. गाडी वळली की मागची माणसं एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत घसरत जायची. शेवटी आईने एक दिवस कात्री आणली आणि मला मोकळा श्वास मिळाला. त्यानंतर मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! दवाखान्यातून चार दिवसांची चिमणी, घरातली लेक, माझ्यावरूनच घरी आली. शिलाई मशीन वाहिलं, शेजारच्या काकूंचं कपाट तिरकं घालून वाहिलं. गॅरेजवाला दरवेळी मला दाबून म्हणायचा, "सीट अजून टणक आहे हां." तेव्हा अंगावर मूठभर मांस चढायचं.

पण माझा खरा दिवस शनिवार. आत्याची रोपवाटिका आहे. दर शनिवारी बाबा तिला बाजारात सोडायचे. माझ्या डाव्या टोकाला वांग्याच्या रोपांचा ट्रे, उजव्या टोकाला मिरचीचा, मधोमध आत्या आणि तिच्या पायांत पाण्याची झारी. बसल्या बसल्या ती म्हणायची, "या सीटवर बसलं की माझी कंबर बोलायची थांबते." मग मी आणखी ताठ व्हायचे.

चार महिन्यांपूर्वी गाडीत वास सुटला. असा कुबट की चिमणी नाक धरून शाळेत जायची. बाबांनी खाली हात लावला तर मागच्या बाजूचं कार्पेट ओलं. नेमका तो शनिवार होता आणि बाजारातून परतलेली आत्या नुकतीच उतरत होती. अंगणात शेजारचे काका-काकू उभे होते. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, तुझी झारी सांडलीय. सांगायचं तरी."

"झारी रिकामी होती," आत्या म्हणाली.

"मग पाणी काय आकाशातून आलं? निष्काळजीपणा सगळा."

आत्याने झारी उचलली, ट्रे उचलले, आणि निघून गेली. पुढच्या शनिवारी आईने फोन केला तर म्हणाली, "मी बसने जाते. तुमची गाडी खराब व्हायला नको." बसमध्ये दोन ट्रे चढवताना तिच्या नाकी नऊ यायचे. अर्धी रोपं वाटेतच मान टाकायची. हे आई घरात सांगायची आणि बाबा वर्तमानपत्र उलटायचे.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं! दर रविवारी बाबा नळी लावून गाडी धुवायचे आणि दर रविवारी माझ्या डाव्या कोपऱ्याला खालून गार पाणी लागायचं. झारीचा काही संबंधच नव्हता. पण सीटला तोंड कुठे असतं? मी नुसती कुरकुरायचे, आणि बाबा म्हणायचे, सीट म्हातारी झाली. राग आला मला. खूप राग आला. वासावर उपाय म्हणून त्यांनी अत्तराच्या दोन बाटल्या टांगल्या. मग गाडीत गुलाब टाकलेल्या डबक्यासारखा वास येऊ लागला.

गेल्या रविवारी आईने पदर खोचला. "ही सीट काढायची," ती म्हणाली.

"अगं, मोडेल! ती कारखान्यात बसवलेली असते."

"बसवली माणसांनीच ना? मग काढूही शकतात."

तिने माझ्या पुढच्या कडेखाली बोटं घातली, चाचपडून खटका शोधला आणि जोरात वर हिसका दिला. कट्ट! दुसरीकडून कट्ट! मागचा एक बोल्ट पान्याने सोडवला, बेल्टची बकलं माझ्या फटींतून मागे ढकलली, आणि आई एका टोकाला, चिमणी दुसऱ्या टोकाला, अशी माझी वरात दारातून तिरकी होऊन बाहेर पडली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच मी आकाश पाहिलं! काचेतून नव्हे, सगळंच्या सगळं. मला अंगणात दोन स्टुलांवर ठेवलं. पाठीला ऊन लागलं. एक कावळा येऊन माझ्यावर बसला, त्यालाही मी नाही म्हटलं नाही.

माझ्याखाली सापडलं ते ऐका. सहा पेन्सिली, एक मोजा, बाबा दुकानभर शोधत होते तो स्क्रूड्रायव्हर, आणि वाळलेल्या कोथिंबिरीच्या काड्या. मग आईने कार्पेट उचललं. वरून कोरडं खट्ट दिसत होतं, पण त्याखालचा नमदा, तो जाड लोकरी थर, पाण्याने टम्म फुगला होता. तिने तो पिळला तर घमेलंभर काळं पाणी निघालं. मग कार्पेटखाली लाकडी ठोकळे सारून ते उचलून धरलं, चारही दारं उघडली आणि घरातला टेबलफॅन आणून लावला. दोन दिवस तो पंखा गाडीचा झाला आणि माणसं घामाघूम झाली.

मंगळवारी बाबांनी हात लावून पाहिलं. "वाळलं. बसव आता सीट."

"पाणी आलं कुठून ते कळल्याशिवाय बसवणार नाही," आई म्हणाली.

"कुठून म्हणजे? झारीतून."

"अहो, चार महिन्यांपूर्वी सांडलेलं पाणी अजून पिळून निघतं?"

बाबा पुन्हा कार्पेट चाचपायला लागले. मी स्टुलांवरून ओरडत होते, डावीकडे बघा, डावीकडे! पण कुरकुरण्यापलीकडे मला काय येतं?

आई मात्र हुशार. तिने टाल्कम पावडरचा डबा आणला आणि चिमणीकडून गाडीच्या आतल्या उघड्या पत्र्यावर सगळीकडे पावडर भुरभुरून घेतली. आई आत उकिडवी बसली, दारं लावली, आणि बाबांना सांगितलं, "आता रविवारी धुता तशी धुवा. पण सावकाश. एकेक जागा." बाबांनी पुढच्या काचेवर पाणी सोडलं. आतून आवाज आला, "कोरडं!" दारांवर सोडलं. "कोरडं!" उजव्या मागच्या दिव्यावर सोडलं. "कोरडं!" मग डावा दिवा.

"आलं!" आई किंचाळली. "आलं, आलं, आलं!"

सगळे धावले. पांढऱ्या पावडरीत एक बारीक ओली रेघ उमटली होती. दिव्याच्या मागून निघाली, चाकाच्या उंचवट्यावरून घसरली, आणि बरोब्बर माझ्या डाव्या कोपऱ्याच्या जागेखालून कार्पेटकडे गेली. मला नाचावंसं वाटलं!

बाबांनी दिव्याचे दोन स्क्रू काढले. मागची रबराची पट्टी दुमडून आत चेपली होती. आईने विचारलं, "हा दिवा कोणी उघडला होता?" बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चार महिन्यांपूर्वी त्या दिव्याचा बल्ब त्यांनी स्वतः बदलला होता. गॅरेजवाल्याला एवढंसं काय सांगायचं, म्हणून. आणि मग दर रविवारी स्वतःच्याच हाताने त्या फटीतून पाणी घालत होते.

"आता ताईला काय सांगू?" ते हळूच म्हणाले.

"जे झालं तेच," आई म्हणाली, आणि तिने फोन लावला. "वन्सं, पाच मिनिटं या. गाडीत बसायला नाही, नुसतं बघायला या."

आत्या आली. मातीचे हात, पायांत रबरी चपला. ती आधी माझ्यापाशी थांबली आणि माझ्यावर पडलेलं पान तिने झटकलं. मग वाकून ती पांढऱ्यातली रेघ शेवटपर्यंत पाहिली.

"चूक माझी होती, ताई," बाबा म्हणाले. "तुझी झारी रिकामीच होती."

"त्या दिवशी तू माझ्या कानात बोलला होतास का?" आत्याने विचारलं.

बाबांना कळलं. ते कुंपणापाशी गेले. पलीकडे काका-काकू होते. बाबा म्हणाले, "गाडीतलं पाणी ताईमुळे नव्हतं. माझ्यामुळे होतं."

"काय म्हणालात?" काकू ओरडल्या. "मिक्सर चालू होता!"

मग बाबांनी दुसऱ्यांदा, चांगलं खणखणीत सांगितलं. समोरच्या घराची खिडकीसुद्धा उघडली. चिमणी खुदकन हसली. बाबांचे कान लाल झाले होते, पण त्या दिवशी मला बाबा फार आवडले.

आत्या एवढंच म्हणाली, "कार्पेट अजून दोन दिवस वाळू द्या. घाई केलीत तर बुरशी धरेल." आणि बसथांब्याकडे गेली. शनिवारबद्दल ती काही बोलली नाही, विचारायचा धीर कोणाला झाला नाही.

गुरुवारी नवं रबर बसलं. शुक्रवारी मी परत आत आले, कट्ट आणि कट्ट. नमदा कोरडा, वास गेलेला, बाटल्या कचऱ्यात. तेव्हापासून मी वाट पाहतेय.

मित्रांनो, वेळ थोडा आहे, म्हणून मागायचं ते मागून घेते. मला रोज पुसू नका, शाम्पूही लावू नका. पण गाडीत कुबट वास आला तर सुवासाची बाटली आणण्याआधी मला उचला आणि खाली हात घालून बघा. सीट काढायला दहा मिनिटं लागतात. तेवढी दहा मिनिटं होईपर्यंत कोणाचं नाव घेऊ नका. आणि घेतलंच असेल, तर जितक्या मोठ्याने घेतलं तितक्याच मोठ्याने...

फाटक वाजलं! थांबा, थांबा. रबरी चपलांचा आवाज. डावीकडून वांग्याचा ट्रे आला! उजवीकडून मिरचीचा!

बाबा घाईघाईने म्हणाले, "ताई, तू पुढे बस ना. आज पुढेच बस."

"नको रे," आत्या म्हणाली. "मी माझ्या जागेवर बसते."

आणि ती बसली, मित्रांनो. मधोमध.