दोन छटा उजळ

बाथरूमचं दार बराच वेळ आतून बंद होतं.

"अगं, आत संसार मांडलायस का? मला ऑफिस आहे!" बाईंनी दारावर थाप मारली. त्यांच्या एका हातात चहाचा कप होता, आणि मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरलेला फोन. पुलाच्या बातमीत मंत्र्यांचं नाव चुकलं होतं आणि पलीकडे कुणीतरी त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडत होतं. बाई एका वृत्तवाहिनीच्या संचालक होत्या. रोज सकाळी त्यांच्या वाट्याला एखादं तरी खापर यायचंच.

लेक बाहेर आली. कॉलेजात शिकणारी, आईसारखीच सावळी. पण अलीकडे तिचा चेहरा मानेपेक्षा फिकट दिसू लागला होता. डोळ्यांखाली सूज होती. ती चपलेत पाय कोंबू लागली, तो आत जाईना.

"पाय का सुजलेत गं?"

"झोप झाली नाही."

"पायांनी झोपतेस का?" एवढं बोलून बाई पुन्हा फोनकडे वळल्या. घरात दोघीच. एकीला वेळ नव्हता आणि दुसरीने तो मागणं कधीच सोडून दिलं होतं.

बाई या धंद्यात आल्या तेव्हा त्यांचा आवाज ऐकून सगळे खूश झाले होते. चेहरा पाहून मात्र कुणीतरी चाचरत म्हणालं होतं, "आवाज सोन्यासारखा आहे हो, पण पडद्यावर... आपण तुम्हाला पडद्यामागे ठेवू." मग कित्येक वर्षं चित्रांवर बाईंचा आवाज आणि त्यापुढे दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा. बाईंनी तक्रार केली नाही. बातम्या लिहिल्या, माणसं सांभाळली, भांडणं मिटवली आणि पायरी पायरीने वर चढून संचालकांच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची बदलली तरी पडद्याचा नियम तोच राहिला. सावळ्या मुलीला बातम्या द्यायच्या असतील तर रंगभूषा दोन छटा उजळ. "लोकांना तसंच आवडतं," बाई सांगायच्या. कुठल्या लोकांना, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळच्या बातमीपत्रासाठी नवी निवेदिका निवडायची होती. पुरात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बातमी दिल्यापासून सगळे जिला 'वादळ' म्हणत, ती वार्ताहर समोर बसली होती. तिच्याइतकं स्वच्छ कुणी वाचलं नाही. तरी पडद्यावर तिचा चेहरा विझल्यासारखा दिसत होता.

"दादा, दोन छटा उजळ करा," बाई सवयीने म्हणाल्या.

मेकअपदादांनी डबी उघडली. वादळ आरशातूनच म्हणाली, "मॅडम, पुरात मी अशीच उभी होते. तेव्हा कुणी चॅनेल बदललं नाही."

"पुरात लोक पाणी बघतात. इथे तुला बघणार."

"मग मलाच बघू देत ना."

दादा गालातल्या गालात हसले. बाईंना हसू आलं नाही, रागही आला नाही. अशा वादांचा त्यांना नुसता कंटाळा आला होता. त्या काही बोलणार इतक्यात फोन वाजला. लेक वर्गात चक्कर येऊन पडली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांचे कागद बाजूला ठेवले आणि सरळ मुलीला विचारलं, "तोंडाला काय लावतेस?"

मुलीने पिशवीतून एक पांढरी डबी काढली. वर कुणाचं नाव नाही, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. कॉलेजच्या बाहेरच मिळायची.

"यात पारा असणार, तपासायला पाठवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंड म्हणजे गाळणी. ती बिघडली की अंगात राहायचं ते लघवीतून वाहून जातं आणि बाहेर पडायचं पाणी अंगात साचतं. पाय त्यानेच सुजलेत."

"बरी होईल ना?"

"डबी बंद, औषध सुरू. गाळणी किती सावरेल ते आज सांगता येणार नाही."

डॉक्टरीणबाई गेल्यावर बाई खाटेच्या कडेला टेकल्या. "कुणी सांगितलं होतं गं तुला हे लावायला?"

"कुणी नाही." मुलीने डोळे मिटले. "आई, तू मला एकदा मुलांच्या कार्यक्रमाला नेलं होतंस. आठवतं? मी कविता म्हटली होती."

"हो."

"तू दादांना म्हणालीस, 'हिला जरा उजळ करा.' मला वाटलं, माझ्यात काहीतरी चुकलंय आणि सगळ्यांसमोर जाण्याआधी ते दुरुस्त करावं लागतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "घरी आल्यावर तोंड धुवायला मी तयारच नव्हते."

बाईंना ते आठवत होतं. लेकीचा हट्ट समजून त्या तेव्हा हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या स्टुडिओत आल्या तेव्हा वादळ आरशासमोर बसली होती आणि दादांच्या हातात रंगभूषेची तीच फिकट डबी होती.

"ठेवून द्या ती," बाई म्हणाल्या. "तिच्याच रंगाचं लावा."

"पडद्यावर विझेल, मॅडम."

"विझेल, कारण हे दिवे आणि हा कॅमेरा गोऱ्या चेहऱ्याच्या मापाने लावलेत. पहिल्या निवेदिकेसाठी लावले आणि तसेच राहिले." हे त्यांना आजच कळलं होतं असं नाही. पडद्यामागे उभ्या राहून त्यांनी ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. "समोरचा दिवा जवळ घ्या. बाजूचा खाली. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जुळवा."

मालकांचा फोन आलाच. "म्हणे तुम्ही तिला तशीच बसवताय? जाहिरातदार काय म्हणतील?"

"तिलाच बसवतेय. आणि पहिली बातमी त्या डब्यांची आहे."

"घरचं दुखणं ऑफिसात आणू नका हो."

"साहेब, हे ऑफिसातूनच घरी गेलंय." बाईंच्या अंगात भांडायला जोर उरला नव्हता, म्हणून असेल, आवाज चढला नाही. "नको असेल तर उद्या दुसरी संचालक शोधा. आजचं बातमीपत्र माझं आहे."

त्यांनी फोन उलटा करून ठेवला.

बातमीपत्र सुरू झालं. वादळने पहिली बातमी वाचायला घेतली. पडद्यावर एक सावळा चेहरा होता. गालाची ठेवण, कपाळावरची आठी, डोळ्यांतली चमक, सगळं स्वच्छ दिसत होतं.

बातम्या संपल्यावर हॉस्पिटलातून फोन आला.

"आई, बघितलं मी. छान दिसत होती ती. काय लावलं होतं तिला?"

"वेगळं काही नाही गं. तिच्याच रंगाचं. फक्त दिवा हलवला."



"एवढंच होतं," मुलगी म्हणाली, "तर माझ्या वेळी का नाही हलवलास?"

बाईंनी वर पाहिलं. काचेपलीकडे रिकाम्या खुर्चीवर तो दिवा अजून जळत होता.