लेथला बांधलेला नाडा

तालुक्यातल्या एका खासगी आयटीआयमध्ये लोखंड कातायचं एक लेथ मशीन आहे. चार वर्षं दर खंडेनवमीला त्याची पूजा झाली आणि त्याच्या फिरत्या तोंडाला लाल नाडा बांधला गेला. पूजेचा नाडा तोडायचा नाही, असं निदेशक अप्पारावांचं म्हणणं. त्यामुळे मशीन एकदाही बिघडलं नाही.

पोरं लेथचे भाग फळ्यावरून पाठ करीत. सगळ्यांची हजेरी शंभर टक्के, एकट्या सत्यशीलाची चाळीस. उरलेले दिवस ती केदारखेड्याला पुंजाराममामाच्या वर्कशॉपात मोटारींचे शाफ्ट कातत असे.

जालन्याच्या कारखान्यातून परमेश्वर साहेब एक जण निवडायला आले. सत्यशीलाला ही नोकरी हवीच होती. बाप मल्हारी म्हणाला होता, "ही हुकली की पुढल्या महिन्यात पाहुणे येतेत."

अप्पारावांनी तिच्या हातात ओवाळायचं ताट दिलं. "हजेरी न्हाई, मंग परीक्षा कशाची? साहेबाला बराबर ओवाळ."

पोरांनी भाग घडाघडा म्हटले. साहेब म्हणाले, "छान. आता हा शाफ्ट वीस एमएमवर आणा."

पोरांनी अप्पारावांकडं पाहिलं, अप्पारावांनी नाड्याकडं.

"साहेब, पूजेचा नाडा हाय. तोडता येत न्हाई."

सत्यशीलानं ताट खाली ठेवलं. "तोडत न्हाई सर, सोडते." चारही गाठी सोडून तिनं नाडा ताटात ठेवला. "तेल द्या."

"समईचं चालंल?"

"मशीनचं लागतं, सर."

कपाटातून चार वर्षांचा सीलबंद डबा निघाला. अर्ध्या तासानं साहेबांनी शाफ्ट मोजला. वीस, बिलकुल बराबर.

"हिचं नाव लिहा."

"हजेरी चाळीसच हाय, साहेब. नियमात बसंना."

"बाकीचे दिवस कुठं होतीस गं?"

"मामाच्या वर्कशॉपात. हेच करून राह्यल्ते."

साहेबांनी कागद मागवला. पुंजारामचं वर्कशॉप संस्थेचं 'उद्योग प्रशिक्षण केंद्र' झालं आणि तिथले दिवस हजेरीत धरले गेले. अप्पारावांनी जल्दी सही केली. हे केंद्र आपणच शोधलं, हे तोवर त्यांना पटलंही होतं. सातवी नापास पुंजारामनं फोनवर एवढंच विचारलं, "मंग ग्रीस तरी पाठवतेत का?"

सोमवारी सत्यशीला कारखान्यात रुजू झाली. उद्योगाशी सांगड पूर्ण, असं संस्थेच्या अहवालात आलं. तिनं कातलेला शाफ्ट लाल कपड्यात गुंडाळून लेथवर ठेवलाय. यंदा त्याचीही पूजा झाली.

नाड्याला या वेळी सात गाठी मारल्यात.