विंगेतला टाका

टाकेबाईंना हे नाव कुणी दिलं ते आता कुणाला आठवत नव्हतं. बॅलेच्या त्या कंपनीचं शिवणघर त्यांच्या हाती आल्याला एक जन्म लोटला होता. नाचणाऱ्या मुलींच्या कमरेभोवती जाळीचा जो ताठ, फुललेला झगा असतो, तो टुटू, बाईंइतका देखणा कुणाला जमत नसे. हे बाईंना चांगलंच माहीत होतं. विनय हा गुण त्यांनी इतरांसाठी राखून ठेवला होता.

शिवणघरात सगळे टुटू छताच्या दांड्यांना उलटे टांगलेले असत, कमर खाली आणि झालर वर. सुलटे टांगले तर जाळी मान टाकते. नवखा माणूस आत आला की त्याचं डोकं हमखास एखाद्या झालरीत शिरायचं आणि बाईंची बोलणी खाऊनच बाहेर यायचं.

कंपनीत एक रीत होती. प्रयोगाआधी नायिका विंगेत पाठमोरी उभी राही. बाई तिच्या पाठीवरचे हुक लावत, नाचताना उसवू नये म्हणून वरच्या हुकावर एक टाका घालत, दोरा दाताने तोडत आणि पाठीवर थाप मारत. त्याशिवाय कुणी नायिका रंगमंचावर पाऊल टाकत नसे. मात्र मिठीबिठी मारायची नाही, जाळी चुरगळते. हा नियम सगळ्यांना सारखाच होता. बाईंची लेक त्याच कंपनीत नाचायची, तिचेही हुक बाईच लावत, पण तिलाही तो चुकला नव्हता.

आणि यंदा लेक पहिल्यांदा नायिका झाली होती. पोरगी लहानपणी पहिल्यांदा चवड्यांवर उभी राहिली, त्या दिवशी बाईंनी उत्तम जाळीचा एक तागा बाजूला काढून ठेवला होता. तो कपाटात वाट बघत होता. बाईंनी तो बाहेर काढून झटकला, आणि नेमका तेव्हाच नवा नृत्यदिग्दर्शक दारात आला.

"टुटू नकोय," तो म्हणाला. "गुडघ्यापर्यंतचा मऊ झगा. हुक नाहीत, डोक्यातून घालायचा."

"म्हणजे परकर," बाई म्हणाल्या.

"जवळपास तसंच," तो हसून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्यामुळे बाईंना त्याच्यावर धड रागावताही येईना.

रात्री जेवताना लेकीने विषय काढला. "तुला राग आलाय ना?"

"मला कशाला येईल? मी पगारी नोकर."

"आई, ह्या नाचात जोडीदार मला जवळ घेतो. टुटू असला की त्याला हातभर लांब उभं राहावं लागतं."

"आजवर लांब राहूनच नाचले ना सगळे? काही अडलं नाही कुणाचं."

दुसऱ्या दिवशी कापड बेतणाऱ्या मास्तरांसमोर बाईंनी सगळा राग ओकला. मास्तर आणि बाई एकाच वर्षी कामाला लागले होते, त्यामुळे त्यांना बाईंची भीती नव्हती. त्यांनी कपाटातून एक जुना झगा काढला. घोट्यापर्यंत लांब, पातळ, पिवळा पडलेला.

"एके काळी असे नाचायचे," मास्तर म्हणाले. "मग तुमच्या आधी शिवणघर सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी तो गुडघ्यावर आणला, कारण मुलींना पाय दाखवायचे होते. तर त्यांच्या गुरूने त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढे तुम्ही आलात. झालर आणखी तोकडी केलीत आणि आत तार घालून ती आडवी ताठ उभी केलीत. तेव्हा मोठ्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

बाईंना चांगलं आठवत होतं. हा झगा आहे की ताट, यावर आता जेवायला वाढायचं का, असं मोठ्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. बाई त्या दिवशी घरी जाऊन रडल्या होत्या.

"चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे," मास्तर म्हणाले.

"तुम्ही मुकाट्यानं कापड बेता."

झगा त्यांनीच शिवला, आणि छान शिवला. पण जित्याची खोड. अस्तराच्या आत त्यांनी कुणाला न सांगता त्या ताग्यातल्या जाळीचा एक पदर लावला. एकच, अगदी हलका. एवढ्या मोठ्या रंगमंचावर आपली पोर उघडीवाघडी दिसेल, या विचाराने त्यांना झोप लागत नव्हती.

पोशाखातली पहिली तालीम झाली. जोडीदाराने लेकीला कमरेशी धरून वर उचललं. वरचं रेशीम आतल्या जाळीवरून सरकलं, त्याची पकड सुटली आणि लेक कुशीवर आपटली. हाड मोडलं नाही, पण आवाज सगळ्यांनी ऐकला. दिग्दर्शकाने धावत येऊन झग्याची कड उलटून पाहिली. जाळी दिसली. त्याने कड हळूच खाली सोडली. त्याने चार शब्द सुनावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

लेक जमिनीवर बसूनच म्हणाली, "जाळीशिवाय मी उभी राहू शकेन असं तुला वाटत नाही का, आई?"

बाईंनी झगा घेतला आणि शिवणघरात बसून जाळीचा टाका न् टाका उसवला. मग तो मास्तरांच्या हाती देत म्हणाल्या, "तिला द्या. आणि सांगा, मी विंगेत येणार नाही. हुकच नाहीत तर माझं काय काम?"

हुकांचं निमित्त होतं. लेकीला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती.

प्रयोगाच्या दिवशी बाई उलट्या टांगलेल्या टुटूंखाली एकट्याच बसून राहिल्या. पहिली घंटा झाली. त्यांनी खाली पाहिलं तर हातात सुई होती, आणि ती ओवलेली होती. कधी ओवली ते त्यांनाही कळलं नव्हतं. दुसऱ्या घंटेला त्या जिना उतरत होत्या.

विंगेत लेक पाठमोरी उभी होती, सगळ्या नायिका उभ्या राहत तिथेच. आई येणार नाही हा निरोप तिला मिळाला होता. तरी ती पाठ करून उभी होती.

बाई तिच्या मागे गेल्या. समोर सपाट, मऊ कापड होतं. ना हुक, ना काज. सुई हातातच राहिली.

"इथं शिवायला काहीच नाही गं," त्या म्हणाल्या.

लेक वळली आणि तिने आईला मिठी मारली.

बाईंनी दोन्ही हात घाईने बाजूला धरले. "अगं, चुरगळेल."

"काय चुरगळणार आहे, आई?"

बाईंनी सुई स्वतःच्या बाहीला टोचून ठेवली आणि लेकीला जवळ घेतलं. तिच्या बरगड्या हाताला लागल्या. आत केवढं धडधडत होतं. प्रयोगाआधी ही पोर इतकी घाबरते, हे बाईंना ठाऊकच नव्हतं. पाठीवरून ते कधी कळलं नव्हतं.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

लेकीने मान हलवली, पण मिठी सोडली नाही. तिसरी घंटा झाली. मग बाईंनीच हात सैल केले, सवयीने तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "जा. उभी राहशील तू."